संत रोकच्या पालखीचे मानकरी

व्हिलार दा फोन्त, पोर्तुगाल,
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

ती. देओलिंदाआत्या यांस,

आधी आशीर्वाद द्या, मग पुढचं वाचा. (इथे असतात तर हाताचं चुंबन घेऊन मागितला असता. कागदावर हातापुरती जागा वर सोडली आहे.) गुडघा कसा आहे? तिकडच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम लावताय की बाजारात मिळालं त्याच बाटलीवर विश्वास आहे? आई बरी आहे. तिची कोंबडी अंडी देईनाशी झाली आहे आणि आई त्याचा दोष मला देते, कारण मी खुराड्याजवळ उभी राहून मोठ्यानं काळजी करते.

मागचं पत्र तुम्ही तपासून परत पाठवलंत, ते पोचलं. लाल शाईत तीन चुका दाखवल्यात, तिन्ही मान्य. पण चौथी तुम्हाला सापडली नाही, कारण ती शुद्धलेखनाची नव्हती. मी लिहिलं होतं की पालखीची सूचना पीच फळांच्या गोदामाच्या दारावर ‘कोणीतरी नेऊन लावली’. ते कोणीतरी म्हणजे मी. चार कोपऱ्यांना चार टाचण्या आणि वारा होता म्हणून मधोमध पाचवी. ‘कोणीतरी’ लिहिताना मला वाटलं होतं की हे खोटं नाही, कारण मीही कोणीतरी आहेच. आठ दिवस हे वाक्य मला टोचत राहिलं. लिहिलेलं खोडायचं नाही, शेजारी खरं लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा हे शेजारी लिहिलं.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. यातलं पुष्कळसं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असं धरून लिहावं हीसुद्धा तुमचीच शिकवण. (माझी फुप्फुसं धड नव्हती ती तीन वर्षं तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात मला शिकवलंत, आणि मी शाळेत जाण्याइतकी बरी झाले तोवर शाळाच बंद झाली. मुलं पुरेशी नव्हती. मुलं फ्रान्सला होती. मग शिकवायला शाळा नाही म्हणून तुम्ही लक्झेंबर्गला गेलात. हा क्रम मी कधीकधी मनाशी म्हणते, पाढ्यासारखा.)

तर, संत रोकच्या सणानंतरच्या रविवारी (यंदा १७ ऑगस्टला) पालखी निघते आणि त्या दिवशी खांदा द्यायचा मान एमिग्रांतांचा, म्हणजे आपल्या गावातून पोटासाठी परदेशी गेलेल्यांचा. माणसं आठ लागतात, चार जोड्या. दरवर्षी गावकचेरीतून सूचना निघते, ‘एमिग्रांतांनी नावं द्यावीत’. एवढीच ओळ. मी कचेरीत करारावर कामाला आहे, म्हणून यंदा ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. कचेरीचे अध्यक्ष एर्मेनेजिल्दो म्हणाले, गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवून काढ, तारीख तेवढी बदल. कोणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण मला वाटलं, गेल्या वर्षीचा कागद त्याच्या आदल्या वर्षीवरून उतरवलेला, तो त्याच्याही आदल्या, मग मूळ कुठे आहे? मूळ सापडलं. सणाच्या जुन्या वहीत, १९७२ सालच्या पानावर, आजोबांच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या, अक्षरात. ‘जन्मल्या देशाबाहेर ज्या कुणी घाम गाळून भाकरी खाल्ली आहे आणि ज्याचं घर आज या गावात आहे, त्याचा खांदा. दुसऱ्या कुणाचा नाही.’ आणि खाली, ‘गावची माणसं जिथे जिथे कामाला जमतात तिथे ही सूचना लावावी.’

आत्या, मी जसंच्या तसं उतरवलं. सूचना चर्चच्या दारावर लावली, कॅफेत लावली. मग विचार केला, आज गावची माणसं कामाला जमतात कुठे? कॅफेत जमतात, पण कामाला नाही. ऑगस्टमध्ये या गावात काम एकाच ठिकाणी चालतं, पीचच्या गोदामात. म्हणून पाच टाचण्या.

अकरा नावं आली. पाच आपले जुने एमिग्रांत: आर्मिंदोकाका, आबीलिओ आणि आणखी तिघे. दोन आर्मिंदोकाकांचे नातू, केव्हिन आणि स्टीव्ह. एक मॅलकम, तो टेकडीवरचा इंग्रज, ज्यानं तुमच्या मैत्रिणीचं पडकं घर घेऊन त्याला निळ्या खिडक्या बसवल्या. आणि तीन पीचच्या बागेतले: टीकाराम, पदम आणि गुरमेल. टीकाराम नेपाळचा आहे, इथे सहा वर्षं झाली, कॅफेमागच्या खोलीत राहतो. आपली बोली अशी बोलतो की आई त्याला फोनवर शेजारचा समजते.

अध्यक्षांनी यादी पाहिली आणि चष्मा काढला. (ते चिडले की चष्मा काढतात; मला वाटतं, समोरचं दिसू नये म्हणून.)

“नोएमिया, तुला सूचना उतरवायला सांगितली होती की राज्यघटना लिहायला?”

मी म्हटलं, उतरवलीच आहे, वहीतून.

“अगं, एमिग्रांत म्हणजे आपले! गेलेत ते! हे तर आलेत!”

मी म्हटलं, पण साहेब, इथून गेलेले तिकडे आलेलेच असतात. आजोबा फ्रान्सला पोचले तेव्हा तिथल्या लोकांच्या दृष्टीनं ते आलेच होते. अध्यक्ष म्हणाले की आजोबा कुठे गेले आणि कुठे आले हा प्रश्न आजच्या बैठकीसमोर नाही. मग वहीतला नियम त्यांनी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा ओठ हलवत. तिथेच खरा घोटाळा सुरू झाला, कारण नियम फक्त तिघांना आत घेत नव्हता, तिघांना बाहेरही काढत होता. केव्हिन आणि स्टीव्ह फ्रान्समध्ये नांतेरला जन्मले, नांतेरमध्येच कामाला आहेत. जन्मल्या देशाबाहेर त्यांनी भाकरी खाल्ली ती फक्त सुट्टीत, तीही आजीच्या हातची, आणि घाम गाळला तो नाचताना. मॅलकमचा जन्म बाहेरचा खरा, पण तो इथे पेन्शनवर राहतो. त्याला घाम येतो, पण कामामुळे नाही. म्हणजे आजोबांच्या नियमानं पाच आणि तीन, आठ. अध्यक्षांच्या मनानं पाच आणि दोन नातू, सात. आठवा हवा म्हणून ते म्हणाले, “इंग्रजाला घे. सभ्य माणूस आहे.”

मी विचारलं, मग त्यांना एमिग्रांत म्हणून लिहू?

“छे छे. ‘परदेशी मित्र’ लिही.”

मी विचारलं, आणि टीकाराम?

“तो स्थलांतरित.” हा शब्द त्यांनी वर्तमानपत्रात वाचल्यासारखा उच्चारला, हवामानाच्या बातमीच्या शेजारी असतो तसा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे शब्द फिरताहेत. तुम्ही एकदा लिहिलं होतं की तुमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक पोर्तुगीज इंजिनियरबाई आहे, ती एक्सपॅट, आणि तिच्या टेबलाखालची टोपली रिकामी करणाऱ्या तुम्ही एमिग्रांत. नाताळला मात्र दोघी एकाच विमानानं येता आणि दोघींच्या बॅगेत तेच चॉकलेट असतं. ते वाचून मी हसले होते. आता हसू येत नाही. गावाचं म्हणाल तर गावानं कधी एवढा बारकावा पाळला नाही. टेकडीवरच्या सगळ्यांना आपण ‘इंग्रज’ म्हणतो, त्यात निम्मे डच आहेत. बागेतल्या सगळ्यांना ‘इंडियन’ म्हणतो, त्यात भारताचा एकटा गुरमेल. आणि ऑगस्टमध्ये तुमच्या गाड्या आल्या की तुम्हा सगळ्यांना ‘फ्रेंच’ म्हणतो, त्यात तुम्ही लक्झेंबर्गच्या. पाद्री बेनेदितो अंगोलाचे आहेत, चार वर्षं झाली. त्यांना काय म्हणायचं असं मी अध्यक्षांना विचारलं. (विचारायला नको होतं.) ते म्हणाले, “पाद्री म्हणजे पाद्री!” मी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत त्यावर विचार केला. ज्याच्याकडे आपलं काम असतं त्याला आपण त्याच्या कामानं ओळखतो, आणि ज्याच्याकडून आपलं काम करून घेतो त्याला तो कुठून आला त्यावरून. हे बरोबर आहे का ते ठाऊक नाही. चुकलं असेल तर लाल शाई वापरा.

आता शनिवारचं सांगते. शनिवारी, दोन तारखेला, मापं होती. (तुम्हाला आठवत असेलच: खांद्यांची उंची जुळली नाही तर पालखी कलते, म्हणून चर्चच्या मागच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून एकेकाला उभं करायचं, खांद्याशी खडूची रेघ मारायची आणि मान मिळाला की चाकूनं तिथे खूण आणि नावाची अक्षरं कोरायची. चौकटीवर आता इतकी अक्षरं झाली आहेत की सुतार म्हणतो, दार बदलता येईल, चौकट नाही.) मी अध्यक्षांना म्हटलं की यादीचा निर्णय व्हायचा आहे, तेव्हा अकराही जणांची मापं घेऊन ठेवू. त्यांनी हो म्हटलं, कारण त्यांना जेवायला जायचं होतं.

मॅलकम पहिला. तो चौकटीखाली उभा राहिला आणि वरचा दिवा त्याच्या कपाळाला लागला. त्याच्या खांद्याची रेघ इतरांच्या कानाच्याही वर गेली. त्याची जोडी कुणाशी लावणार, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. मग तो त्याच्या पोर्तुगीजमध्ये, म्हणजे शब्द आमचे आणि क्रम त्याचा, अतिशय नम्रपणे म्हणाला की यादीत त्याच्या नावावर ‘एमिग्रांत’ लिहिलंय तेवढं काढून टाकावं. तो एक्सपॅट आहे.

आर्मिंदोकाकांनी विचारलं, “म्हणजे काय?”

“म्हणजे... मला कुणी इथे पाठवलं नाही. मीच आलो.”

“मलाही कुणी पाठवलं नाही,” टीकाराम म्हणाला.

“मी परतही जाऊ शकतो, हवं तेव्हा.”

“बरंय की,” आर्मिंदोकाका म्हणाले, “आम्हालाही सगळे तेच सांगायचे. जाऊ शकता हवं तेव्हा.”

मॅलकम हसला, मग हसू अर्ध्यात थांबवलं. तो वाईट माणूस नाही, आत्या. आईच्या दारापुढचं बर्फ गेल्या हिवाळ्यात त्यानं काढलं होतं. त्या शब्दावाचून आपलं काय होईल, याची त्याला भीती वाटते असं मला दिसलं. भीती मला लांबूनही ओळखू येते.

मग आर्मिंदोकाका. ते गावात सगळ्यांत बुटके. तीस वर्षं त्यांना जोडी मिळालेली नाही. खांद्यावर टॉवेलची घडी, घडीवर उशी, तरी संत रोक दरवर्षी त्यांच्या बाजूला कलतो, आणि बायका म्हणतात, संत आर्मिंदोच्या कानात काहीतरी सांगतोय. (काकू म्हणते, सांगत असेल, पण हा ऐकतो कुणाचं?) मी रेघ मारली. त्यांच्यानंतर ओळीत टीकाराम होता. तो उभा राहिला, मी खडू टेकवला, आणि खडू काकांच्याच रेघेवरून गेला. नवी रेघ उठलीच नाही.

“तू वाकला होतास,” आर्मिंदोकाका म्हणाले.

“नाही काका.”

“पुन्हा घे.”

पुन्हा घेतलं. तेच. मग त्यांनी टीकारामला बूट काढायला लावले, स्वतःचेही काढले. दोघांच्या मोज्यांना भोकं, आणि रेघ तिथेच. केव्हिननं फोन काढून फोटो घेतला. आर्मिंदोकाकांनी उशी हातात घेतली, जराशी दाबली, खाली ठेवली आणि भलताच प्रश्न विचारला.

“इथे आलास कसा?”

“थोडं विमानानं. मग पुष्कळ पायी. जंगलातून.”

“किती दिवस?”

“अकरा.”

“पायात काय होतं?”

“रबरी चपला. तिसऱ्या दिवशी एक तुटली.”

“माझ्या पायात वडिलांचे बूट होते. दोन बोटं मोठे. आत गवत भरलं होतं.” हे बोलून झाल्यावर आर्मिंदोकाकांनी इकडेतिकडे पाहिलं, बोलायला नको होतं ते बोलून गेल्यासारखं. तुम्ही कधी त्यांना फ्रान्सच्या त्या चोरवाटेबद्दल बोलताना ऐकलंय का? मी नाही. काकूनंही नाही, असं ती म्हणते.

वही माझ्या काखेत होती. टीकारामला तिच्या पुठ्ठ्याच्या आतला आजोबांचा फोटो दिसला, तो दोन तुकडे जोडून चिकटवलेला. हा कुणी फाडला, असं त्यानं विचारलं. आर्मिंदोकाकांनी सांगितलं की सीमा ओलांडून नेणारा माणूस अर्धा फोटो घरच्यांकडे ठेवायचा आणि अर्धा जाणाऱ्याच्या खिशात. तिकडे सुखरूप पोचला की त्यानं आपला अर्धा पोस्टानं घरी पाठवायचा. दोन अर्धे जुळले की घरच्यांनी नेणाऱ्याचं देणं द्यायचं. त्याआधी नाही. टीकारामनं फोटोच्या जोडावरून अंगठा फिरवला. “आमच्यात फाडत नाहीत,” तो म्हणाला, “आमच्यात व्हिडिओ काढून पाठवायचा. चेहरा नीट दिसला पाहिजे आणि हसायला पाहिजे. माझी आई म्हणाली, तू हसतोयस, म्हणजे काहीतरी झालंय.”

आर्मिंदोकाका हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. मला वाटलं, झालं, मिटलं. मी अशी भोळी आहे. कारण पुढच्याच वाक्याला ते म्हणाले, “तरीपण यादीत नको. माझ्या नातवाला काढून? माझा केव्हिन सातव्या वर्षापासून पालखीमागे चालतोय. तो नाही, आणि हा?”

आणि आत्या, त्यांचंही बरोबर आहे. हे मला सगळ्यांत जड जातंय. केव्हिन नंतर कचेरीत एकटा आला होता. आपल्या त्या घशातून येणाऱ्या ‘र’नं त्यानं मला विचारलं, “तिकडे मी पोर्तुगीज, इकडे फ्रेंच. तुझ्या वहीत मी कोण?” मी वही चाळायचं नाटक केलं. वहीत त्याच्यासाठी शब्द नव्हता. आजोबांना बाहेर जाणाऱ्याची काळजी होती, त्याच्या नातवाची नाही. नातू असतील एवढंही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. शेवटी मी म्हटलं की वाटेत पालखी थांबते तेव्हा ती टेकवायला दोन बेचक्याच्या काठ्या लागतात, त्या धरणाऱ्यांना कसलाही नियम नाही, आणि त्या नसतील तर आठजण पाच मिनिटंही विसावू शकत नाहीत. तो म्हणाला, “जड असतात का?” मी म्हटलं, नाही. “मग ठीक,” म्हणाला आणि गेला. दारातून परत फिरला आणि म्हणाला, “माझ्या आजोबांना तू सांग. मी नाही सांगणार.” मी अजून सांगितलेलं नाही.

पाद्रींकडेही जाऊन आले, कारण अध्यक्ष म्हणाले होते की बागेतल्यांचा धर्म वेगळा, पाद्री नाही म्हणतील आणि विषय संपेल. पाद्री बेनेदितोंनी टीकारामला बोलावून विचारलं, संताला खांदा द्यायला तुला अडचण नाही ना? टीकाराम म्हणाला, “आमच्या गावातही देव वर्षातून एकदा घराबाहेर पडतो. त्यालाही पाय नाहीत.” पाद्रींनी माझ्याकडे वळून सांगितलं की त्यांच्या बाजूनं हरकत नाही. मग हळूच म्हणाले की संत रोक स्वतः फ्रान्सचा, पायी इटलीला गेला, लोकांची सेवा केली, आणि घरी परतला तेव्हा त्याच्याच गावानं त्याला परका, हेर म्हणून कोठडीत टाकलं, तिथेच मेला. हे मला लहानपणी तुम्ही सांगितलं होतं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष त्याला भाकरी आणून देणाऱ्या कुत्र्याकडे होतं.

आता स्थिती अशी. येत्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायरीवर आठ नावं वाचायची आहेत. वाचणार मी, कारण सणाची वही माझ्या ताब्यात आहे. अध्यक्षांनी त्यांची यादी टंकून माझ्या टेबलावर ठेवली आहे: पाच जुने, दोन नातू, एक ‘परदेशी मित्र’. ती ठेवताना ते माझ्या कराराबद्दलही बोलले. करार एकतीस तारखेला संपतो आणि नवा त्यांच्या सहीनं होतो. धमकी नव्हती, आत्या. त्यांनी फक्त तारीख सांगितली आणि चष्मा काढला. दुसरी यादी, नियमाची, माझ्या हातची आहे. आणि टीकाराम रोज काम संपल्यावर कचेरीवरून जातो, आत बघत नाही, विचारत नाही. नुसता बुटांची धूळ झटकून हळू चालतो. पदमनं पांढरा शर्ट आणलाय म्हणे.

मी शूर नाही, हे तुम्ही जाणता. मला दुकानात सुटे परत मागायलाही धीर लागतो. गेले चार दिवस मी दोन्ही याद्या आरशासमोर वाचून पाहिल्या. अध्यक्षांची सुरळीत वाचता येते. नियमाची वाचताना सहाव्या, टीकारामच्या नावाशी अडखळते. पण अध्यक्षांची वाचली की नंतर मला ती शेजारी दुरुस्त करावी लागेल, आणि गावाच्या कानात शेजारी कुठे लिहिणार?

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला ऊन दाखवत जा. आईचा नमस्कार, कोंबडीचा नाही.

तुमची भाची आणि (एकुलती एक) विद्यार्थिनी,
नोएमिया

ता. क. वर मी दोनदा ‘पाच जुने’ लिहिलं. आज सकाळी नऊपर्यंत ते बरोबर होतं. नऊला आबीलिओच्या बायकोचा फ्रान्समधल्या लीओंहून फोन आला; तो अजून गावी आलेलाच नव्हता, त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, उभं राहायलाच दोघं लागतात. म्हणजे जुने चार. अध्यक्षांची यादी सातची झाली आणि माझीही सातची. हे मी त्यांना उद्या सांगणार आहे. आज सांगितलं नाही, याची इथे नोंद करते.

ता. क. २. वरचं सगळं लिहिण्याचं खरं कारण हे. सात खांद्यांवर संत रोक निघत नाही. अख्ख्या गावात नियमात बसणारा आठवा माणूस मला सापडेना. मग आठवलं, शनिवारी मापं घेताना चौकटीवर खाली, पदमच्या रेघेच्या बरोबर जागेवर, चाकूची जुनी खूण दिसली होती: ‘दे. मो., १९८१’. आईला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही सोळा वर्षांच्या होतात, आजोबा ऑगस्टमध्ये आले होते, आणि सगळी पुरुषमंडळी हसत असताना त्यांनी तुम्हाला चौकटीला उभं केलं आणि खूण कोरली. म्हणाले, “राहू दे. लागेल कधीतरी.” सोळाव्या वर्षानंतर तुमची उंची वाढली नाही हे आईनं शपथेवर सांगितलं. सतरा वर्षं तुम्ही लक्झेंबर्गमध्ये घाम गाळून भाकरी खाता, घर इथे आहे, किल्ली आमच्याकडे आहे, आणि नियम मी आठ वेळा वाचला. त्यात फक्त खांदा आहे. तीन उन्हाळे तुम्ही आला नाहीत. का ते मी विचारत नाही. (विचारावंसं वाटतं.) शुक्रवारी पंधरा तारखेला संध्याकाळी बस येते. जोडीला पदम असेल. तो फार बोलत नाही.

ता. क. ३. तुमचं नाव मी वहीत शाईनं लिहून टाकलं आहे, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. नकार कळवायचा असेल तर शनिवारी कचेरी बंद असते आणि घरचा फोन आई उचलते, तिला मी सांगून ठेवलंय की ऐकू येत नाही म्हण. हे वाईट आहे, मला ठाऊक आहे. अध्यक्षांनी करार वाढवला नाही तर तुमच्या खोलीत एक गादी टाकता येईल का तेही बघा. मग पुढच्या वर्षी माझाही खांदा नियमात बसेल. यादी मी वाचणार. आठही नावं, टीकारामचं धरून, सगळ्यात शेवटी तुमचं. रविवार, १० ऑगस्ट, अकराच्या मिस्सानंतर.